झाकणातला दुसरा वेफर

आधीच सांगून ठेवतो, मला उचलून कानाशी हलवून बघायचं नाही. रिकामा आहे की भरलेला ते मी स्वतःच्या तोंडाने सांगेन. डबा झालो म्हणून काय झालं, वयाचा काही मान असतो की नाही?

मी पत्र्याचा डबा. गोल, दोन वीत उंच, एके काळी निळा. आता तो निळा फक्त बुडाजवळ आणि झाकणाखालच्या काठाला शिल्लक आहे. बाकी अंगावरून इतके हात फिरले की आतला पत्रा उघडा पडलाय. एका कुशीला पोचा आहे. तो कसा पडला ते ओघात येईलच. माझं झाकण मात्र बघून घ्या. डब्यांच्या जातीत असं झाकण तुम्हाला सहसा दिसायचं नाही.

मला ज्या कारागिराने घडवलं, तो दिवसभर पत्रे कापून डबे, नरसाळी आणि बादल्या बनवायचा. नाना तेव्हा तरुण होते, डोक्यावर केस होते आणि बोलण्यात घाई होती. थिएटरसमोर त्यांना वेफरचं दुकान टाकायचं होतं. डबा कसाही चालेल म्हणाले, पण झाकण खोल हवं, चार बोटं तरी. कारागीर हसला. झाकण करू की ताटली, एकदा ठरवून सांगा, म्हणाला. नानांनी ठरवूनच सांगितलं होतं. मी तसाच झालो, अर्धा डबा आणि अर्धी ताटली.

दुकान म्हणजे एक कढई, एक फळी आणि मी. प्रत्येक घाणा उतरला की त्यातले पहिले मूठभर वेफर माझ्यात पडायचे. गिऱ्हाईक आलं की नाना माझं झाकण काढायचे, उलटं धरायचे, त्यात चार-सहा वेफर टाकायचे आणि पुढे करायचे. पुढे केलं की गप्प. एरवी नाना बोलायला लागले की समोरच्याचा सिनेमा सुरू होऊन जायचा, पण झाकण हातात असलं की तोंडाला कुलूप.

नानांची छोटी लेक फळीमागे स्टुलावर बसलेली असायची. हिला पुढे सगळे ताई म्हणायला लागले, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिला झाकण धरायची भारी हौस. एकदा तिने एका बाईंसमोर झाकण धरलं आणि न राहवून विचारलं, "छान आहेत ना?" बाई म्हणाल्या, हो गं, छान आहेत, आणि निघून गेल्या. नानांनी लेकीला जवळ घेतलं.

"झाकण धरणाऱ्याने बोलायचं नसतं, बाळा. माणूस भिडस्त असतो. पहिला वेफर तो भिडेखातर खातो. दुसरा उचलला, तर समजायचं आवडला. तोवर आपण दुसरीकडे बघायचं."

तेव्हापासून ती झाकण धरून थिएटरच्या पाट्यांकडे बघत उभी राहायची. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून झाकणावर नजर असायची. मला सगळं दिसायचं.

काय दिवस होते ते! मध्यंतराची घंटा झाली की माणसं अशी लोटायची की नानांना घाम पुसायला उसंत नसायची. तेलाचा वास माझ्या अंगात मुरला होता. प्रेमात पडलेली पोरं एका पुड्यात दोघं खायची, भांडलेली नवराबायको दोन पुडे घ्यायची. पंचांसारखा चेहरा करून पहिला वेफर खाणारे आणि मग इकडेतिकडे बघत हळूच दुसरा उचलणारे तर रोजचेच. नाना तो दुसरा हात बघायचे आणि कढईकडे वळून स्वतःशीच हसायचे.

मग थिएटरला टाळं लागलं. दुकान त्यानंतरही रखडत चाललं, पण नानांच्या छातीनेच संप केला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी तळलेलं बंद, खारट बंद, असं बजावूनच पाठवलं होतं. त्याच संध्याकाळी सवयीने त्यांनी मला फळीवरून उचललं. हाताला जोर नव्हता. मी खाली पडलो आणि कुशीला हा पोचा आला. नाना पोच्यावरून बोट फिरवत राहिले. पोचा मला पडला होता, पण लागलं त्यांना.

दुकान मिटलं. ताईच्या आईने मला धुऊन पुसून माझ्यात बटणं ठेवली. कोटाची, सदऱ्यांची, काही तर कंदिलासारखी दिसणारी मोठी. बाई प्रेमळ होती, तक्रार नाही माझी. पण ज्याच्या पोटात गरम वेफर पडायचे, त्याच्या पोटात बटणं! पुढे ती माउली गेली, आणि मी बटणांसकट कपाटावर जाऊन बसलो. धूळ खाणं म्हणजे काय ते मला विचारा.

कपाटावरून मला नाना दिसायचे. पाच वाजता चहा घेऊन खिडकीशी बसायचे, समोर बशी रिकामी. म्हण आहे ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. नानांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते, चणेच बंद झाले. चहासुद्धा अर्धा राहायचा. ज्या माणसाने अख्ख्या गावाला कुरुमकुरुम खायला घातलं, तो जेवताना उकडलेल्या भाजीकडे बघून तोंड फिरवायचा. मला फार वाईट वाटायचं.

ताईलाही वाटत असणार. ती एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ते काम सोडून ती घरी आली आणि दुकानामागच्या जुन्या खोलीत तिने भट्टी बसवली. बटाटा आणि रताळं कागदासारखं पातळ कापायचं, तळायचं नाही, भाजायचं. मीठ नावाला. चव यायची ती भाजलेल्या लसणाने, ताज्या मिरपुडीने आणि लिंबाच्या सालीने. पहिले वेफर करपले, नंतरचे वातड झाले. पण हळूहळू असे जमले की जिभेवर ठेवला की आपसूक मोडावा.

ती रोज पाच वाजता बशीत चार-सहा वेफर घालून नानांसमोर धरायची आणि खिडकीबाहेर बघायची. नाना एक खायचे. "ठीक आहे," म्हणायचे. आणि चहाचा कप उचलायचे.

दुसरा नाही.

ती एक शब्द बोलायची नाही. थोडं थांबायची आणि बशी घेऊन आत जायची. आपल्या बापाने दुसरा वेफर उचलावा, एवढंच त्या पोरीला हवं होतं. पोरगी म्हणतो, पण तीही चाळिशी ओलांडून गेली होती.

शेजारच्यांना वेफर आवडले. तेव्हा ताईच्या मनात आलं, आपल्या नानांसारखी माणसं घरोघर असतील, जिभेला आठवण आहे आणि डॉक्टरांनी तोंड बांधलंय. त्यांच्यासाठीच हे विकायचं. तिने जाहिरातीचं काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. बाई हुशार, पिकल्या केसांच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. दोघींनी मिळून कागदी डबा तयार केला. त्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं खो खो हसतंय, शेजारी लाल हृदय, आणि वर ठळक अक्षरांत 'खास ज्येष्ठांसाठी'. उंची खाण्याच्या वस्तू ठेवणाऱ्या एका मोठ्या दुकानाने फळी दिली, शिवाय चव बघायला दाराशी टेबल. पण हंगाम संपेपर्यंत माल हलला नाही तर फळी दुसऱ्याला, हेही सांगून ठेवलं. ताईने हॉटेलचं काम सोडलेलं. फळी गेली तर भट्टी विझणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

टेबलाशी काय चालायचं ते ताई जेवताना सांगायची. माणसाला कागदी वाटीत एक वेफर द्यायचा आणि सोबत हृदय कसं जपावं याचं पत्रक. पत्रक देताना चार वाक्यं बोलायची. लोक वेफर खायचे, पत्रक वाचायचे, चेहरा गंभीर करायचे आणि जायचे. काठी टेकत आलेले एक गृहस्थ म्हणाले, वडीलधाऱ्यांसाठी चांगलं आहे हो हे, आणि कोणी बघत तर नाही ना असं पाहत डबा परत फळीवर ठेवला. एक आजीबाई म्हणाल्या, माझ्या सासूबाई असत्या तर त्यांना आवडलं असतं.

मी कपाटावरून ऐकत होतो. एकेक वेफर वाटतेस तू, ताई? झाकण धरून वाढलेली पोर ना तू? पण डब्याचं कोण ऐकतं? शिकण्यासवरण्याच्या गडबडीत लहानपणीचं विसरायला होतं, आणि ताईला त्या दिवसांत झोपेचाही पत्ता नव्हता.

न खपलेले डबे घरी परत यायला लागले. नानांकडे पाच वाजता त्यांचे दोन दोस्त यायचे. एक मास्तर, शाळेतून कधीच निवृत्त झालेले, पण अजून प्रत्येकाला खडूने फळ्यावर लिहून दाखवावं तसं बोलणारे. दुसरे शिंपीकाका, समोरच्याच्या खांद्याचं माप नजरेने घेतल्याशिवाय नमस्कार न करणारे. दोघांनाही पथ्य. नानांना त्यांच्यासमोर काहीतरी ठेवावंसं वाटलं. त्यांनी कागदी डबा हातात घेतला, त्या खो खो हसणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि डबा पालथा घालून ठेवला.

मग ते खुर्चीवर चढले. या वयात खुर्चीवर चढू नये, पण चढले. मला खाली काढलं. बायकोची बटणं एका वाडग्यात जपून ओतली, मला पुसलं, आणि ताईचे वेफर माझ्यात भरले.

किती वर्षांनी माझ्या पोटात वेफर पडले! मला रडूच आलं असतं, पण आमच्या जातीला ते परवडत नाही, गंज चढतो.

नानांनी झाकण काढलं, उलटं धरलं, वेफर टाकले आणि दोस्तांपुढे केलं. मास्तरांचे डोळे चमकले. जुना डबा, जुनं झाकण, म्हणजे वेफरही जुनेच, असं दोघं धरून चालले. तळलेले, खारे, डॉक्टरांनी बंद केलेले. नानांनी नाही म्हटलं नाही. रंग लालसर कसा, असं मास्तरांनी विचारलंच. कढई जरा जास्त तापली, म्हणाले नाना. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि काय खाल्ले हो त्या दोघांनी! दाराकडे बघत, शाळा चुकवलेल्या पोरांसारखे. शिंपीकाका मिशी पुसून म्हणायचे, आमच्या सूनबाईला कळू देऊ नकोस. दुसरा काय, चौथा-पाचवा संपायचा. रोज पाच वाजता हाच कार्यक्रम. नाना मात्र सोबतीला म्हणून एकच खायचे.

एका संध्याकाळी दोस्त गेल्यावर मला पुसता पुसता ते माझ्याशी बोलले. एकटी माणसं वस्तूंशी बोलतात, आणि आम्ही ऐकतो.

"चांगला करते रे ती," नाना म्हणाले. "माझ्यापेक्षा हलका करते. पण दुसरा उचलला की आपलं दुकान खरंच मिटलं. नाही का?"

तेव्हा मला कळलं की हा हट्ट चवीचा नव्हता. पहिला वेफर बाप खात होता, दुसऱ्याला दुकानदार अडवत होता. हे ताईला सांगावं म्हणून मी तळमळलो. पण झाकण असून तोंड नाही, अशी आमची तऱ्हा.

मग एक दिवस पाचच्या सुमाराला ताई जाहिरातवाल्या बाईंना घेऊन घरी आली. दोघींचे चेहरे उतरलेले. हंगाम संपत आला होता, फळी जाणार हे जवळपास ठरलं होतं. दारातच बाई थबकल्या. खिडकीशी मास्तर आणि शिंपीकाका माझ्या झाकणात हात घालून बसले होते. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. हे काय खातायत एवढं मन लावून, त्यांनी हळूच विचारलं.

ताईने मला बघितलं. कपाटावरचा मी खाली, बटणं वाडग्यात. ती पुढे आली आणि झाकणातला एक वेफर तोंडात टाकला. नानांनी मान खाली घातली.

मास्तर घाईघाईने म्हणाले, बापाला रागवू नकोस, आम्हीच हट्ट धरला. एक दिवस खाल्लं तर काही होत नाही.

"काका, हे माझेच आहेत," ताई म्हणाली. "भट्टीतले."

शिंपीकाकांनी हातातल्या वेफरकडे असं बघितलं की जणू त्याने त्यांच्याशी दगाबाजी केली.

"म्हणजे इतके दिवस मी पथ्याचं खात होतो?" ते म्हणाले. मग खांदे उडवून तो वेफर खाल्ला आणि आणखी एक घेतला.

जाहिरातवाल्या बाई हसायला लागल्या, पण ताईला हसू येत नव्हतं. "नाना, माझ्या डब्याची लाज वाटली तुम्हाला?"

नानांनी मान हलवली. "तुझ्या वेफरची नाही वाटली. त्या चित्रातल्या म्हाताऱ्याची वाटली. मी कधी तसा हसलोय का?"

बाईंचं हसू थांबलं. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या की त्यांनाही साठ पूर्ण होतील आता, आणि तो कागदी डबा त्यांनी स्वतःच्या घरी कपाटात आतल्या बाजूला ठेवलाय, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आपणच केलेला डबा आपणच लपवतोय, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. मग त्यांनी मला उचललं. झाकण काढलं, लावलं, परत काढलं. नख न लावता निघतं हे, म्हणाल्या. माझी बोटं सकाळी आखडतात, पण हे निघतं, असंही म्हणाल्या. ताई झाकणाकडे टक लावून बघत होती. तिला थिएटरच्या पाट्या आठवल्या असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्यानंतर घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. माझी मापं घ्यायला माणसं आली. मला उलटा केला, सुलटा केला, बुडाशी उरलेल्या निळ्या रंगाचे फोटो काढले. नाना बाजूला उभे राहून झाकण अजून खोल, अजून खोल, असं सांगत होते. उरलेल्या थोड्या दिवसांसाठी पहिली खेप तयार झाली. पत्र्याचे छोटे निळे डबे, चित्र नाही, वयाचा उल्लेख नाही. वेफरचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत की चष्मा विसरला तरी वाचता यावं. तळलेले नाहीत, मीठ कमी, हे खालच्या बाजूला, पण स्वच्छ लिहिलेलं, कारण ज्याला गरज असते तो ते शोधतोच. कागदी वाट्या आणि पत्रकं बंद झाली. टेबलाशी ताई स्वतः झाकण धरून उभी राहिली, तोंड मिटून, दुकानाच्या दाराकडे बघत.

ते काठीवाले गृहस्थ परत आले म्हणे. एक खाल्ला. मग काठी टेबलाला टेकवली आणि दुसरा उचलला. घरी जाताना दोन डबे घेतले आणि ताईला सांगितलं, एक नातवंडांना, असं सांगेन घरी. फळी राहिली.

त्या संध्याकाळी ताई एक नवा डबा घेऊन आली आणि तो नानांच्या मांडीवर ठेवला. नानांनी त्याच्यावरून हात फिरवला. झाकणाची खोली बोटं घालून मोजली. चार बोटं भरली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं.

"दुकान मिटलं नाही म्हणायचं," ते पुटपुटले.

ताईने माझं झाकण काढलं. नव्याचं नाही, माझं. त्यात वेफर टाकून नानांसमोर धरलं आणि खिडकीबाहेर बघू लागली. नानांनी एक घेतला. खाल्ला. ठीक आहे म्हणाले नाहीत. चहाचा कप तसाच होता. झाकणात वेफर हलल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

नानांचा हात परत आला. त्यांनी दुसरा उचलला.

ताईने वळून बघितलं नाही. झाकण धरणाऱ्याने बघायचं नसतं. पण झाकण हलकं झालेलं हाताला कळतं. खिडकीकडे तोंड करून ती पोर रडत होती, आणि मागे नाना कुरुमकुरुम खात होते. त्यांनी तिसराही घेतला. चहाही पूर्ण प्याले.

नाना आता नाहीत. त्यांना जाऊन बरेच दिवस झाले. पण शेवटपर्यंत पाच वाजता त्यांच्या बशीत काहीतरी होतं, याचं मला समाधान आहे. मास्तर आणि शिंपीकाका अजून येतात. पथ्याचं आहे हे माहीत असूनही दाराकडे बघतच खातात, कारण त्याशिवाय चव येत नाही म्हणे. मी ताईच्या भट्टीशेजारी फळीवर असतो. प्रत्येक घाण्यातले पहिले मूठभर वेफर अजून माझ्यात पडतात. बटणं वाडग्यातच राहिली. झाकण थोडं सैल झालंय, एका जागी गंजाचा ठिपका आलाय. ताई तो घासून काढते, तो परत येतो. चालायचंच.

निरोप घेता घेता एकच सांगतो. तुमच्या घरात कुणी काही करून पुढे धरलं, तर पहिला घास भिडेखातर घेतलात तरी चालेल. पण आवडला असेल, तर दुसऱ्यासाठी फार वाट बघायला लावू नका. तिकडे तोंड फिरवून उभं असलेलं माणूस खिडकीबाहेर बघत नसतं.